दात येत असतील

बाळाला ताप आला, चिडचिड वाढली, रात्रभर रडलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दात येत असतील." कळव्यात काय, कोपरखैरण्यात काय, हे वाक्य आजीच्या तोंडी असतं, शेजारच्या काकूंच्या तोंडी असतं आणि घाईत असलेल्या डॉक्टरांच्याही तोंडी असतं. बहुतेक बाळांच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. काही थोड्या बाळांना मात्र ताप असतो आणि दात येतच नसतात. दोन्हींचं कारण एकच असतं, पण एकाला बालरोगतज्ज्ञ बघतात, दुसऱ्याला दातांचे डॉक्टर, आणि दोन्ही एका कागदावर यायला कधीकधी वर्षं जातात.

त्या कारणाचं नाव हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिसप्लेजिया. गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या थरापासून केस, नखं, दात आणि घामाच्या ग्रंथी तयार होतात. हा थर आत वळून तिथे दाताचा किंवा ग्रंथीचा अंकुर धरायचा, तर पेशींना एक निरोप मिळावा लागतो. या आजारात तो मिळत नाही, म्हणून दात, केस आणि घामाच्या ग्रंथी कमी बनतात किंवा बनतच नाहीत, आणि घाम नसला की अंग तापतं. तो निरोप देणारं प्रथिन ज्या जनुकावरून तयार होतं, ते 'ईडीए' जनुक १९९६ साली सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्यांना एक्स एकच, म्हणून त्यांच्यात आजार पुरता दिसतो. मुलींमध्ये दुसरा एक्स बरंच सांभाळून घेतो. थोड्या घरांत दोष 'ईडीएआर' किंवा 'ईडीएआरएडीडी' या दुसऱ्या जनुकांमध्ये असतो, आणि तिथे मुलगा-मुलगी हा फरक राहत नाही.

या आजाराचं फार जुनं वर्णन आपल्या उपखंडातलं आहे. डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत नोंदवली. चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चार लहान, कमजोर दात आणि मागच्या आठ दाढा. अंगावर केस विरळ, टक्कल लवकर, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींपैकी एकीलाही त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना मात्र आहे. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता, तरी एक्स गुणसूत्रावरून चालणारा वारसा त्यात स्वच्छ दिसतो.

आपल्याकडे एक समजूत आहे, बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट. मग मामाकडून काहीबाही उपाय करवले जातात. या आजारात मामाकडे खरंच बघायला हवं, पण ते वेगळ्या कारणासाठी. आईकडून बाळाला आलेला एक्स तिच्या भावाकडेही असू शकतो. मामाला किती दात होते, कवळी कितव्या वर्षी लागली, तो मे महिन्यात क्रिकेट का खेळायचा नाही, एवढं विचारलं तरी निदान निम्मं होतं. मामा नसेल तर आईच्या आईचा भाऊ. आणि स्वतः आईचं तोंड तर समोरच असतं: वरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा एखादा दात टोकदार किंवा मुळातच नाही, एखादी उपदाढ आलेलीच नाही, पाठीवर घाम पट्ट्यापट्ट्यांनी येतो. तिला वाटत असतं, आपले दात असेच.

बाळाच्या जन्माच्या वेळी खुणा असतात, पण त्या शोधाव्या लागतात. कातडी सोलल्यासारखी निघते, डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या आणि काळपटपणा, भुवया जवळपास नाहीत, जावळ विरळ आणि फिकं. जावळावरून घरात हमखास चर्चा होते आणि पुन्हा पुन्हा गोटा करण्याचा सल्ला मिळतो. केसांची मुळंच कमी असतील तर वस्तरा किती वेळा फिरवला याला काही अर्थ नसतो. तळहात भिंगाखाली धरला, तर रेषांच्या कडांवर घामाची जी बारीक छिद्रं ओळीने दिसायला हवीत, ती दिसत नाहीत. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे, तरी फारशी कुणी करत नाही.

याच बाळाला आपल्या बाळंतपणाच्या रीती सगळ्यांत महागात पडतात. कडकडीत पाण्याची अंघोळ, शेक, धुरी, मग टोपरं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळणं. ज्या बाळाला घाम येतो, ते हे सगळं निभावून नेतं. ज्याला येत नाही, त्याचं तापमान चढतच जातं. मग त्याला 'ताप' म्हणतात, रक्त तपासतात, काही सापडत नाही, प्रतिजैविक सुरू होतं, आणि दवाखान्यातल्या एसीत बाळ आपोआप बरं होतं. श्रेय औषधाला जातं. घरी आल्यावर पुन्हा तेच.

दात नसणं ही गोष्ट सहसा पहिल्या वाढदिवसाच्या पुढे-मागे खुपायला लागते. एखादा दात आला तर तो सुळ्यासारखा टोकदार येतो. फोटोत ते विचित्र दिसतं म्हणून कानशीने घासून सपाट करून द्या, असं पालक मागतात, आणि काही जण करूनही देतात. ते करू नये. या दातांवरचं इनॅमल पातळ असू शकतं, आणि टोक घासलं की दात आणखी आखूड होतो. जे मुळात दोन-चारच आहेत, त्यांतलं काढून टाकायला काहीच नको. त्याऐवजी दातावर कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाचा, थर चढवून त्याला नेहमीच्या दाताचा आकार देता येतो. पारदर्शक प्लास्टिकची टोपी दातावर बसवायची, तिच्यात कॉम्पोझिट भरायचं, निळ्या उजेडाने कडक करायचं, टोपी सोलून काढायची. दात ओला राहिला तर ते काही महिन्यांत निघून येतं, म्हणून मूल लहान असलं तरी दात कोरडा ठेवण्यात घाई चालत नाही. मागच्या दाढांमध्ये नसेची पोकळी नेहमीपेक्षा मोठी आणि खोल असू शकते, हे कीड साफ करणाऱ्याने आधी एक्स-रेवर पाहिलेलं बरं.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायला मुलाला काही सेकंद अजिबात न हलता उभं राहावं लागतं. चार-पाच वर्षांच्या आत ते क्वचितच जमतं. तो एक्स-रे पहिल्यांदा पाहणं पालकांना जड जातं, कारण हिरडीच्या आत वाट बघत असलेले दात तिथेही नसतात. या मुलग्यांना कायमचे दात सरासरीने नऊच्या आसपास येतात, कुणाला दोन-तीन, कुणाला एकही नाही. त्यातल्या त्यात भरवसा असतो तो वरच्या मधल्या दोन दातांचा, सुळ्यांचा आणि पहिल्या दाढांचा. खालचे पुढचे दात बहुधा नसतात.

नुसते दात नसते तर प्रश्न सोपा होता. जबड्याचा जो कडेचा भाग दात धरून ठेवतो, तो दातांसोबतच वाढतो. दात नाहीत तिथे हाड उंचीला आणि जाडीला वाढतच नाही. खालच्या जबड्यात मग हिरडीखाली सुरीच्या पात्यासारखी धार राहते. नाकाखालचा चेहरा आखूड राहतो, ओठ बाहेर वळलेले दिसतात, हनुवटी पुढे येते, आणि चार वर्षांचं मूल म्हाताऱ्यासारखं दिसतं. वर्गातली पोरं त्याला काय म्हणतात ते लिहायची गरज नाही, आपल्या भाषेत त्या शब्दांची कमतरता नाही.

म्हणून पहिली कवळी तीन वर्षांच्या आसपास, मूल सूचना ऐकायला लागलं की. कवळी आणि म्हातारपण आपल्या डोक्यात इतकं एकत्र बसलेलं असतं, की घरातली मोठी माणसं "एवढ्यात कशाला" म्हणून अडून बसतात. कारण साधं आहे: शाळेत जाण्याआधी चावणं, बोलणं आणि चेहऱ्याची उंची जागेवर आलेली बरी. कवळीने हाड वाढत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

मापाच्या दिवसाची तयारी नाकापासून सुरू होते. या मुलांच्या नाकात जाड, वास येणाऱ्या खपल्या साचतात. माप घेताना तोंड भरलेलं असतं आणि श्वास नाकानेच घ्यायचा असतो. नाक चोंदलेलं असलं की मूल गुदमरतं, उलटी करतं, आणि पुढचे सहा महिने त्या खुर्चीत बसत नाही. निघण्याआधी सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं करायचं, आणि भरपेट खाऊन यायचं नाही. पहिल्या भेटीत माप घेऊच नये. मुलाने रिकामा ट्रे हातात घ्यावा, स्वतः तोंडात घालून बघावा, आरशात हसावं, घरी जावं. दुसऱ्या भेटीत आधी खालचं माप, कारण त्याने उबळ कमी येते. मूल सरळ बसलेलं, मान किंचित पुढे, ट्रेच्या मागच्या भागात मसाला अगदी थोडा. या मसाल्याला अल्जिनेट म्हणतात आणि तो पाण्यात कालवतात. पाकिटावर लिहिलेला वेळ थंड प्रदेशातल्या खोलीचा असतो. ठाण्याच्या एप्रिलमध्ये नळाच्या पाण्यात कालवला तर तो ट्रे तोंडात जायच्या आत घट्ट होऊ लागतो. फ्रिजचं पाणी वापरायचं. घेतलेलं माप ओल्या कपड्यात ठेवून लगेच प्लास्टर ओतायचं, कारण अल्जिनेट सुकलं की आकसतं आणि त्यावर केलेली कवळी मुलाच्या तोंडात कधीच नीट बसत नाही.

या पहिल्या साच्यावर मुलाच्या मापाचा खास ट्रे बनतो, आणि त्याने दुसरं, नेमकं माप घेतात. मोठ्यांच्या कवळीला अनेक ठिकाणी अजून झिंक ऑक्साइडची पेस्ट वापरतात. इथे ती टाळावी. या मुलांना लाळ कमी असते, कोरड्या तोंडाला ती चिकटते आणि झोंबते. पातळ सिलिकॉन जास्त बरं. मग चावा ठरवायचा, म्हणजे दोन्ही जबड्यांतलं अंतर. सगळा खेळ या पायरीवर आहे. अंतर जास्त ठेवलं तर बोलताना दातावर दात टक-टक आपटतात, जबडा दुखतो, ओठ मिटत नाहीत. कमी ठेवलं तर ओठांचे कोपरे दुमडतात, तिथे ओल राहते, चिरा पडतात, बुरशी धरते. इतकी वर्षं आखूड राहिलेला चेहरा एका दिवसात पूर्ण उंचीला नेण्याचा मोह आवरावा. पहिल्या कवळीत थोडं, दुसरीत आणखी.

मेणावर दात लावून केलेली चाचणी पालकांनी बघितलीच पाहिजे, कारण यानंतर बदल करणं अवघड. इथे एक अडचण नेहमीची आहे: दुधाच्या दातांच्या आकाराचे तयार कृत्रिम दात सहजासहजी मिळत नाहीत. लॅबमधला तंत्रज्ञ मोठ्यांचे सर्वांत लहान दात घासून बसवतो. घाईत असेल तर तो घासत नाही, आणि मुलाच्या चेहऱ्यावर काकांचे दात येतात. रंगही फार पांढरा नको, फार पिवळाही नको. दुधाचे दात किंचित दुधी असतात.

तोंडात दोन-चार टोकदार दात असतील तर ते काढायचे नाहीत. कवळीची तार शंकूच्या उतरत्या बाजूवर टिकत नाही, सटकते. म्हणून आधी कॉम्पोझिटने त्या दाताला मधोमध थोडा फुगवटा द्यायचा, आणि तार त्याच्या खाली अडकवायची. काही वेळा कवळी त्या दातांवरूनच चढवतात. दोन्ही प्रकारांत तारेच्या आणि कवळीच्या खाली अन्न अडकतं, आणि कमी लाळेत कीड लवकर लागते. फ्लोराइडची टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे डॉक्टरांनी दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप. सर्दीची झोप आणणारी औषधं तोंड आणखी कोरडं करतात, ती मनाने देऊ नयेत.

वरची कवळी मुलं लवकर स्वीकारतात. टाळूचा पसारा असतो, ती पकड घेते. खालची तरंगते. धारदार हाडावर हिरडी दाबली जाते, जीभ कवळी उचलते, आणि वर्षानुवर्षं दातांशिवाय मोकळी पसरलेली जीभ आपली जागा सोडायला तयार नसते. नवीन कवळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणी हवीच; लाल झालेली जागा शोधून तेवढाच भाग घासायचा. मूल कवळी घालत नसेल तर ते हट्टी आहे असं धरून चालू नये. बहुतेक वेळा कुठेतरी टोचत असतं आणि तीन वर्षांच्या मुलाला ते दाखवता येत नसतं. घालण्याआधी कवळी पाण्यात बुडवावी, कोरड्या तोंडात ती पातळ ओलच पकड धरते.

घरची निगा सोपी आहे. रात्री काढून पाण्यात ठेवायची. धुताना साबण आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने कवळीच्या प्लास्टिकवर, म्हणजे ॲक्रिलिकवर, ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी बसते. गरम पाण्यात घातली की ती वाकडी होते. बेसिनमध्ये पाणी भरून किंवा खाली टॉवेल टाकून धुवावी, कारण बहुतेक कवळ्या बेसिनमध्येच फुटतात. शाळेत टिश्यूत गुंडाळून डब्याशेजारी ठेवलेली कवळी डब्याच्या कचऱ्यासोबत जाते. तिला डबी हवी. बनवतानाच आत नावाची बारीक चिठ्ठी घालून घेता येते, ती सांगून घ्यावी लागते.

आणि मग ती लहान होते. मूल वाढतं, कवळी वाढत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी बघायचं. सैल झाली तर आतून अस्तर बदलायचं, एखादा दात वर येत असेल तर त्याच्यासाठी कवळीला भोक पाडायचं, आणि साधारण दर एक-दोन वर्षांनी नवीन. वरची कवळी मधोमध दोन भागांत करून तिच्यात रुंदीसाठी स्क्रू बसवला तर थोडा जास्त काळ चालते. वाढ पूर्ण होईपर्यंत अशा कित्येक कवळ्या होतात. "एकदाच काय ते पक्कं करून टाका" असं आपण घराच्या प्लंबिंगबद्दल म्हणतो, ते इथे लागू नाही, आणि माझ्या मते हे सत्य पालकांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं. पक्कं करून देणारा कुणी भेटलाच, तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

इथे इम्प्लांटचा विषय येतो. हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू हाडाला घट्ट चिकटतो. तो खऱ्या दातासारखा वाढत्या जबड्याबरोबर खाली-वर सरकत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या जबड्यात तो बसवला, तर आजूबाजूचं हाड वाढत जातं आणि स्क्रू तिथेच मागे राहतो. काही वर्षांत तो वर गडप झालेला दिसतो. म्हणून वरचा जबडा वाढ थांबल्यावरच, आणि वाढ थांबली हे वयावरून ठरवायचं नाही, सहा महिन्यांच्या अंतराने मोजमाप करून ठरवायचं. खालच्या जबड्याचा अगदी पुढचा भाग याला अपवाद आहे. तिथली रुंदीची वाढ फार लवकर संपते, त्यामुळे जिथे खालचा एकही दात नाही आणि कवळी काही केल्या टिकत नाही, तिथे लहानपणी दोन इम्प्लांट बसवून कवळी त्यांवर अडकवण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांची दुसरी बाजूही आहे. स्वीडनमधल्या लहान मुलांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात एक्टोडर्मल डिसप्लेजिया असलेल्या पाच मुलांना बसवलेल्या चौदा इम्प्लांटपैकी नऊ गेले. हाड लहान आणि फार कडक, ड्रिल करताना तापतं, आणि तापलेलं हाड मरतं. घाई करण्याआधी हे आकडे समोर असावेत.

बोलण्याचं गणित मराठीत जरा निराळं आहे. त, थ, द, ध, न, ल, स हे सगळे जिभेचं टोक दातांच्या आसपास टेकवून निघतात. शिवाय 'चाक', 'जाड' यांतले च आणि ज आपण दातांजवळच म्हणतो. फ आणि व ला वरचे दात आणि खालचा ओठ लागतो. दात नसलेलं मूल जीभ हिरडीच्याही पुढे, ओठांपर्यंत नेतं आणि काम भागवतं. मग कवळी आली की तीच जीभ दातांवर आदळते, आणि पहिले काही दिवस बोलणं आधीपेक्षा बिघडतं. घाबरून कवळी काढून ठेवू नये. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचून घ्यावं, बडबडगीतं म्हणून घ्यावीत. स आणि त भरपूर असलेली निवडावीत. आवाज मुळातच घोगरा असतो, कारण घशातही ओलावा कमी असतो. तो कवळीचा दोष नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. कोरडी पोळी हा शत्रू: चावायला दात नाहीत आणि भिजवायला लाळ नाही. आमटीत कुस्करलेली पोळी किंवा भाकरी, मऊ भात, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा, दही-पोहे. ताक आणि फोडणीचं वरण तोंड ओलं ठेवतात. घास सरकत नाही म्हणून सरबताचा घोट, पुन्हा घोट, असं दिवसभर चाललं तर आहेत ते दात किडतात. साधं पाणी चांगलं.

आता ज्या गोष्टीने हा आजार ठाण्यात राहणं अवघड करतो, ती गोष्ट म्हणजे उष्णता. शरीर घामाने थंड होतं, म्हणजे घाम सुकण्याने थंड होतं. ज्याला घाम नाही त्याला घाम बाहेरून द्यायचा: स्प्रेची बाटली, ओला बनियन, मानेवर ओला रुमाल. कोरड्या हवेत, म्हणजे नगर-सोलापूरकडे, एवढ्याने भागतं. खाडीकाठच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही. ओला बनियन अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि तसाच चिकटून राहतो. इथे पाण्यासोबत वारा लागतोच. वर्गात पंख्याखालची जागा, हातात छोटा बॅटरीचा पंखा, पंखा नसेल तर वही. स्प्रे मारला आणि वारा नाही, तर काम अर्धंच झालं.

मूल शाळेत घालताना वर्ग कितव्या मजल्यावर आहे हे विचारावं. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दुपारी तापतो आणि संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहतो. दिवा-कळव्याकडच्या वरच्या मजल्यांवरच्या घरांतही तेच, तिथे मे महिन्यात मूल रात्री तापतं आणि कारण डोक्यावर असतं. आणखी एक: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी दोनला अंघोळीच्या पाण्याइतकं गरम येतं, तेव्हा थंड करायला नळ उघडून उपयोग नाही. सकाळीच एक बादली भरून सावलीत ठेवावी. वीज गेली तर तीच कामाला येते. लोकलच्या गर्दीत वाऱ्याला जागा नसते आणि चारी बाजूंनी माणसांच्या अंगाची ऊब असते. ट्रान्स-हार्बरवर ऐरोली-घणसोलीहून ठाण्याला यायचं तर गर्दीच्या वेळा सोडून खिडकी धरावी, किंवा एसी बस. खेळांमध्ये पोहणं सर्वांत बरं, कारण अंग सतत ओलं राहतं. कवळी मात्र काढून.

ताप आणि तापणं यातला फरक घरच्यांना कळला की अर्धी धावपळ कमी होते. घरात डिजिटल थर्मामीटर असावा आणि मूल ठीक असतानाचं त्याचं नेहमीचं तापमान माहीत असावं. उन्हातून आल्यावर आकडा चढलेला दिसला तर कपडे काढून, कोमट-गार पाण्याने अंग ओलं करून, पंख्याखाली अर्धा तास. तापमान उतरलं तर ते उष्णतेने होतं. पॅरासिटामॉल इथे काही करत नाही. ते औषध मेंदूने मुद्दाम वाढवलेला ताप उतरवतं, बाहेरून साचलेली उष्णता नाही. थंड करूनही उतरलं नाही, किंवा मूल मलूल, गुंगीत, झटके देणारं असेल, तर दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. खरा संसर्ग झाला की या मुलांचा ताप इतरांपेक्षा उंच जातो, कारण तो उतरवायला घाम नसतो. तेव्हा औषधही द्यायचं आणि अंगही पुसायचं. लस दिलेल्या दिवशी हे आधीच ठरवून ठेवावं.

डोळे कोरडे पडतात, त्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब. कानातला मळ दगड होतो, तो काढून घ्यावा. कातडीला दिवसातून दोनदा मलम, पण जाड तेलकट थर उन्हाळ्यात नको.

दाखवायचं कुठे, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत तुलनेने सोपा आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम अशी दंत महाविद्यालयं आहेत; मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायर. महाविद्यालयात जाण्याचा फायदा असा, की बालदंत आणि कवळीचा विभाग एकाच इमारतीत असतो आणि दोघे मिळून ठरवू शकतात. तोटा हा, की शिकणारे डॉक्टर दर काही वर्षांनी बदलतात आणि मुलाची वाढ त्यांच्यापेक्षा जास्त काळ चालते. म्हणून फाइल घरी असावी: प्रत्येक ओपीजी, जनुक तपासणीचा अहवाल, कवळी दिल्याच्या तारखा. जुनी कवळी फेकू नये. नवीन बनवताना चाव्याची उंची तिच्यावरून मोजता येते. अंगणवाडी आणि शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणीला येतात. तो कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो पालघरहून, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पथक आलं की मुलाचे दात मोजायला सांगावं, किडलेले दात तेवढे मोजून पुढे जाऊ देऊ नये.

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट खरोखर नवी घडली आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये पेशींना निरोप देणारं, या आजारात न तयार होणारं प्रथिन बनवून थेट गर्भजलात टोचलं गेलं. जुळ्या मुलग्यांना गर्भाच्या २६ व्या आणि ३१ व्या आठवड्यात, आणि आणखी एकाला एकदा. तिघांना जन्मानंतर घाम आला. ही हकिगत २०१८ साली प्रसिद्ध झाली, आणि मोठी चाचणी त्यानंतर सुरू झाली. जन्मल्यावर हेच औषध देण्याचा आधीचा प्रयत्न जमला नव्हता. ग्रंथी बनण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

म्हणजे आई वाहक आहे हे गर्भ राहण्याआधी माहीत हवं. दोष असलेला एक्स दर मुलग्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, दर मुलीकडेही निम्मी. आपल्या कायद्यात गर्भलिंग सांगायला बंदी आहे, पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करता येते, आणि सोनोग्राफीत पाचव्या महिन्याच्या सुमारास जबड्यातले दातांचे अंकुर अनुभवी डोळ्यांना मोजताही येतात. घरात कवळी घालणारा मुलगा असतो, तेव्हा सगळं लक्ष त्याच्याकडे असतं आणि त्याच्या बहिणीकडे कुणी बघत नाही. तिला घाम येतो, केस दाट आहेत, चार दात कमी आहेत तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले दात, लावून भागतं. लग्नाच्या गोष्टींमध्ये हे उघड होईल म्हणून तिची तपासणी टाळली जाते. पाठीवर आयोडीन लावून, वर स्टार्चची भुकटी टाकून तिला थोडं चालायला लावलं, तर घाम येतो तिथे काळं होतं आणि येत नाही तिथे कोरे पट्टे राहतात. नक्की उत्तर रक्तावरच्या जनुक तपासणीत मिळतं. भावाचा दोष नेमका कुठे आहे हे अहवालात असेल तर तिच्या रक्तात तेवढीच एक जागा बघायची असते. तो अहवाल भावाच्या फाइलमध्ये असतो, तिच्या हाती त्याची एक प्रत असावी.